शरणपूर, फॅरार पितापुत्र आणि आजीचा प्रश्न: नाशिकच्या ख्रिस्ती परलोकविचाराची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये परलोकाचा विषय कुणाला नवा नाही. रामकुंडावर रोज अस्थी येतात, पिंड पडतात, कावळ्याची वाट पाहिली जाते. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे आपल्या गेलेल्यांसाठी या गावात येतात आणि डोळे पुसत परततात. अशा गावात ख्रिस्ती श्रद्धेने पाऊल टाकले तेव्हा देव एक की अनेक, मूर्ती खरी की खोटी, यावर वाद झालेच. पण घराच्या आत, रात्री दिवा मालवल्यावर विचारला जाणारा प्रश्न वेगळा होता. मी येशूवर विश्वास ठेवला, मला सार्वकालिक जीवन मिळेल. पण येशूचे नावही न ऐकता गेलेल्या माझ्या आजीचे काय? ती कुठे आहे?

नाशिकच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास मंडळ्या, शाळा आणि धर्मप्रांतांच्या तारखांतून सांगितला जातो. मला तो या प्रश्नाच्या वाटेने सांगावासा वाटतो, कारण देवाच्या प्रीतीबद्दल आपण जे काही म्हणतो त्याची परीक्षा याच प्रश्नापाशी होते.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधल्या मिशन संस्थेने नाशिकात काम सुरू केले ते १८३२ मध्ये. पेशवाई बुडून जेमतेम चौदा वर्षे झाली होती. सुरुवातीच्या मिशनऱ्यांत चार्ल्स पिनहॉर्न फॅरार हे एक. त्यांच्या पत्नीने इथे मुलींना शिकवायला सुरुवात केली. (अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधल्या सिंथिया फॅरार वेगळ्या. आडनाव एकच असल्याने या दोन्ही बायकांची नेहमी गल्लत होते.) त्या काळचा प्रचार बाजारात आणि घाटावर उभे राहून, पुस्तिका वाटून आणि शास्त्र्यांशी वाद घालून होई. पाप, न्याय आणि नरकाची शिक्षा हे त्यातले मुख्य मुद्दे. नरक शास्त्र्यांनाही ठाऊक होता, पण त्यांच्या मते कर्म भोगून संपते आणि जीव पुढे जातो. न संपणाऱ्या शिक्षेची कल्पना त्यांना देवाच्या न्यायाला सोडून वाटे. त्यांच्या या आक्षेपात वजन होते, आणि निव्वळ भीती घालून त्याला उत्तर देता येण्यासारखे नव्हते. या वादांतून फार थोडी माणसे ख्रिस्ती झाली.

माणसे आली ती दुसऱ्या वाटेने. १८५० च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. आज शरणपूर रोडवर दुकाने, दवाखाने आणि बँका यांची गर्दी आहे. तेव्हा तिथे मोकळे रान होते. अनाथ मुले, घरातून बाहेर काढलेले नवख्रिस्ती, आधार तुटलेल्या बायका अशांची ती वस्ती. सुतारकाम, लोहारकाम आणि शेती शिकवली जाई. १८६० च्या सुमारास तिथे आणखी एक आश्रम आला, आणि नाशिकचे नाव जगाच्या इतिहासात गेले ते त्यामुळे. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदल गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली बरीच शरणपूरला पाठवली जात. आई, बाप, गाव, भाषा सगळे गमावलेली ही मुले गोदावरीच्या काठी वाढली, बाप्तिस्मा घेऊन नवी नावे घेतली, प्रार्थना शिकली. पूर्व आफ्रिकेत पुढे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. इंग्रज प्रवासी त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणत.

या मुलांकडे मी मुद्दाम थांबतो आहे. १८६५ मध्ये आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी तिथल्या आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी शरणपुरातून नऊ जण निवडले. १८७२ मध्ये त्यांच्या मदतीला जी तुकडी गेली, तिच्यातही नाशिकचे तरुण होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार ही त्यांतली नावे. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी ठरवले की देह त्यांच्या माणसांकडे पोचवायचा. काळीज काढून झाडाखाली पुरले. देह उन्हात वाळवून कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला. काळीज पुरताना दफनविधीची प्रार्थना वाचली जेकबने, आणि झाडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. मग सुसी आणि चुमा या लिव्हिंग्स्टनच्या जुन्या सोबत्यांच्या पुढारपणाखाली देह खांद्यावर घेऊन हजार मैलांहून लांबची पायवाट तुडवत ती मंडळी फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्याला लागली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब वेनराइट होता.

पुनरुत्थानाच्या निश्चित आशेचे शब्द या तरुणाने नाशिकात ऐकले होते. ज्याला लहानपणी जिवंत माल म्हणून विकले गेले, त्याने एका मेलेल्या माणसाच्या देहाचा इतका मान राखला. देहाला किंमत आहे, देव त्याला पुन्हा उठवणार आहे, ही शिकवण आपण प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, दर रविवारी तोंडाने म्हणतो. शरणपूरच्या मुलांनी ती खांद्यावर वाहिली. प्राइस स्वतः १८७४ मध्ये पूर्व आफ्रिकेला गेले, मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली, आणि नाशिकचे बरेच आफ्रिकन ख्रिस्ती तिकडे शिक्षक आणि उपदेशक म्हणून गेले. शरणपूरचा हा अध्याय तिथे संपला.

त्याच वेस्टमिन्स्टर ॲबेत तीन वर्षांनी आणखी एक घटना घडली आणि तिचाही धागा नाशिकला येऊन मिळतो. नाशिकच्या फॅरार मिशनऱ्यांचा मुलगा फ्रेडरिक विल्यम फॅरार १८३१ मध्ये मुंबईत जन्मला, लहानपणीच इंग्लंडला गेला आणि पुढे मोठा धर्मोपदेशक झाला. १८७७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याने ॲबेच्या व्यासपीठावरून एकापाठोपाठ प्रवचने दिली. विषय होता मरणानंतरचा न्याय. बहुसंख्य मानवजात कायमच्या यातनांत जळत राहणार, ही शिकवण शास्त्रात नाही आणि देवाच्या स्वभावाशी जुळत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. सगळेच तरतील असा सिद्धांत त्याने मांडला नाही. त्याचे म्हणणे इतकेच की देवाची दया कबरेच्या काठावर येऊन थांबते असे मानायला आपल्याला आधार नाही. १८७८ मध्ये ही प्रवचने ‘इटर्नल होप’ या नावाने छापली गेली आणि इंग्लंडभर वादळ उठले. ऑक्सफर्डच्या एडवर्ड पुसी यांनी १८८० मध्ये त्याला पुस्तकभर उत्तर दिले.

ज्या बापाने नाशिकच्या शास्त्र्यांसमोर ख्रिस्ती धर्म मांडला, त्याच्या मुलाने त्या शास्त्र्यांच्या आक्षेपाच्या इतके जवळ यावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मुलाच्या विचारांवर नाशिकचा परिणाम झाला असा दावा मी करत नाही. त्याच्या मागे इंग्लंडमधले स्वतंत्र वाद होते. पण जो प्रश्न नाशिकच्या घरांत कुजबुजत विचारला जात होता तो लंडनमध्ये उघड विचारला गेला, आणि विचारणारा चर्चच्या आतला होता.

मराठीत या प्रश्नाला आवाज मिळाला तो नारायण वामन टिळकांमुळे. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेला हा मुलगा आई वारल्यावर नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्य शिकला. लग्न झाले ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी. माहेरची मनकर्णिका, सासरची लक्ष्मी. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका मिशनऱ्याने टिळकांच्या हाती बायबल ठेवले. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर लक्ष्मीबाईंनी जे सोसले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहानगा दत्तू, काही काळ पंढरपुरात आसरा. सोवळ्याने वेढलेल्या घरात वाढलेल्या या बाईला उपदेश करून कुणी वळवले नाही. ती नवऱ्याकडे परतली तेव्हाही स्वतःचा धर्म घेऊनच परतली, आणि आतून पटले तेव्हा, १९०० साली, तिने बाप्तिस्मा घेतला. प्रीती आधी, मत नंतर, असा हा क्रम. इथल्या ख्रिस्ती इतिहासात तो पुनःपुन्हा दिसतो.

तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त न्यायासनावर बसून हिशेब मागत नाही. आई लेकराला जवळ घेते तसा तो भक्ताला जवळ घेतो. संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले त्याच मायेने टिळकांनी ख्रिस्ताला हाक मारली. ज्याची आजी पंढरीची वारी करून गेली, त्या मराठी माणसाला या गाण्यांनी दिलासा दिला. आजीच्या ओठांवरची भाषाच त्याच्या प्रार्थनेची भाषा झाली. तिचे प्रेम वाया गेले असे मानायची सक्ती उरली नाही. टिळक अभंगांनी सिद्धांत सिद्ध करत बसले नाहीत, आणि ते बरेच झाले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून. पाश्चात्त्य मिशनऱ्यांना ते जड गेले. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध केले, याचे मला आजही नवल वाटते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकातच त्यांचे देहावसान झाले.

दरम्यान नाशिक अँग्लिकन चर्चचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला होता. १९२९ मध्ये फिलिप लॉइड पहिले बिशप झाले. पुढच्याच वर्षी, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. देशभरच्या मिशनांच्या आशा पालवल्या. आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्म अभ्यासला आणि नाकारला. ख्रिस्ती समाजात जात शिल्लक आहे आणि धर्मांतरित माणूस परलोकाकडे पाहत इथला अन्याय निमूट सोसतो, ही त्यांची टीका होती. ती टीका नाशिकच्या प्रत्येक मंडळीने ऐकून घेण्यासारखी आहे. शरणपूरने भाकर, कामाची अवजारे आणि छप्पर दिले म्हणून तिथला स्वर्ग लोकांना खरा वाटला; जिथे पाणवठा वेगळाच राहिला तिथे तो खरा वाटला नाही.

१९७० मध्ये अँग्लिकन आणि इतर काही मंडळ्या मिळून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, झाली. कॅथोलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये झाला. थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप. मेलेल्यांच्या बाबतीत या दोन परंपरांची रीत वेगळी आहे. कॅथोलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात, मिस्सा अर्पण करतात, २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. जीव शुद्ध होत देवाकडे जातो अशी त्यांची श्रद्धा. प्रॉटेस्टंट परंपरेने शुद्धिस्थान मानले नाही. त्यांच्याकडे दफनाच्या वेळी ‘माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत’ हे वचन वाचतात, देवाच्या हाती सोपवतात आणि ईस्टरच्या पहाटे काही ठिकाणी दफनभूमीतच उपासना करतात. मृतांसाठी काहीतरी करायची ओढ मात्र दोन्हीकडे सारखीच आहे, आणि ती गोदाकाठच्या माणसाला मुळीच परकी नाही.

आजीच्या प्रश्नाला कॅथोलिक चर्चने १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, लेखी उत्तर दिले: स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकाचे ऐकून जगतात, त्यांचेही तारण होऊ शकते. २००७ मध्ये बाप्तिस्म्याविना गेलेल्या तान्ह्या बाळांविषयीही रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगाने आशा बाळगायला आधार आहे असे सांगितले. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीच्या यात्रेला आणि याच धर्मप्रांतातल्या हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या यात्रेला, सप्टेंबरमध्ये सर्व धर्मांचे लोक लोटतात. तिथे नवस फेडणाऱ्या आईला तिच्या तारणाचा दाखला कुणी मागत नाही.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकमत नाही. काही पास्टर फॅरारसारखेच बोलतात: न्याय देवाचा आहे, आणि देव प्रीती आहे. शहराच्या नव्या वसाहतींत आणि आदिवासी तालुक्यांत वाढलेल्या अनेक पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळ्यांत उलट शिकवण आहे. येशूचे नाव न घेता मेलेला माणूस हरवला, असे तिथे उघड सांगतात. पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या घरात पहिला विश्वासणारा मुलगा बापाच्या मयतीला उभा असतो तेव्हा हा मतभेद पुस्तकी राहत नाही. भाऊ दशक्रियेची तयारी करत असतात आणि त्याला विचारतात, तू हात लावणार की नाही? त्याने हात लावावा, असे मला वाटते. चितांबोच्या गावी जेकबने लावला होता.