शुगरवरचा झाडपाला आणि जखमेवरचा मध, हे सगळं आलं कुठून?

शुगर असली की कोणी ना कोणी झाडपाला सुचवतंच आणि पायाला जखम झाली की मध लाव म्हणतं, हे काही आजचं नाही. सुश्रुतसंहितेत मधुमेह पण आहे आणि जखमेला मध-तूप लावायचं पण आहे, आणि इजिप्तच्या साधारण इ.स.पू. १६०० च्या पपायरसमधे (जुन्या हस्तलिखितात) सुद्धा जखमेवर मध सांगितलाय.

झाडपाल्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गॅलेगा. युरोपात हे झाड जुन्या काळापासून औषधी म्हणून वापरायचे. त्यात ग्वानिडिन प्रकारची द्रव्यं असतात, १९१८ मधे कळलं की ग्वानिडिनने जनावरांची शुगर उतरते पण ते विषारी पण आहे, म्हणजे नुसता पाला खाऊन भागणारं नव्हतं. मग त्याच कुळातलं मेटफॉर्मिन हे शुगरचं औषध १९२२ मधे लॅबमधे बनलं, पण तेव्हा इन्सुलिन नुकतंच आलेलं त्यामुळे कोणी लक्षच दिलं नाही, शेवटी १९५७ मधे फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी पेशंटवर वापरून दाखवलं आणि अमेरिकेत परवानगी मिळायला १९९४ उजाडलं. आज कितीतरी जण रोज जी गोळी घेतात तिचं मूळ हे असं झाडात आहे, फक्त मधे त्यापेक्षा कमी विषारी द्रव्य बनवून डोस ठरवायचं काम झालं, आणि "नॅचरल आहे, काही होत नाही" म्हणणारे नेमकं हेच विसरतात.

मधाचं पण तसंच. त्यातली दाट साखर जंतूंमधलं पाणी ओढून घेते, वर त्यातलं एन्झाइम जखमेच्या ओलाव्यात हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. अँटिबायोटिक्स आली तसा मध मागे पडला, मग औषधांना दाद न देणारे जंतू वाढले तेव्हा परत आठवला, आणि २००७ मधे अमेरिकेत मधाच्या ड्रेसिंगला मंजुरी मिळाली. पण तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मध, बरणीतला नाही, बरणीतल्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात.

आणि भाजलेल्या जखमेवर मधाचा पुरावा बरा असला तरी शुगरवाल्याच्या पायावर अजून ठोस नाही, कारण तिथे नसा बधिर झालेल्या असतात, टोचलेलं कळत नाही, खाली रक्तच नीट पोचत नाही, मग वरून काहीही लावलं तरी ते आतलं दुखणं तसंच राहतं.