सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट): प्रदूषण मंडळाच्या संमतीसाठी अर्ज कसा करायचा

20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या गृहप्रकल्पाला पर्यावरण मंजुरीबरोबर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही लागते. 1974 च्या जल कायद्यानुसार ती दोनदा घ्यायची: बांधकामाआधी उभारणीची, नंतर चालवण्याची. सुरुवातीला हे काम बिल्डर करतो. इमारत ताब्यात आली की नूतनीकरण सोसायटीच्या अंगावर येतं आणि अनेक कमिट्यांना ते तेव्हाच कळतं.

अर्ज मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, म्हणून सीएचं प्रमाणपत्र आधी काढा. सोबत पर्यावरण मंजुरी, भोगवटा प्रमाणपत्र, जुनी संमती, तिच्यातल्या अटी कशा पाळल्या त्याचा तपशील, सोसायटीचा नोंदणी दाखला आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पाणी तपासणी अहवाल तयार ठेवा.

खरी मेहनत पाण्याच्या हिशोबावर घ्या. 200 फ्लॅट, घरटी 5 माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे रोजचं 1,35,000 लिटर पाणी. त्यातलं 85 ते 90 टक्के सांडपाणी होऊन परत येतं, तेव्हा प्लांट साधारण 120 केएलडीचा, म्हणजे रोज 1,20,000 लिटर क्षमतेचा हवा. माणशी 45 लिटर फ्लशचे धरतात. तेवढं, म्हणजे रोज 45,000 लिटर, शुद्ध केलेल्या पाण्यातून भागतं.

यंत्रांची यादी या आकड्यांशी जुळली पाहिजे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून ती जशीच्या तशी उतरवू नका. सकाळी दोन-तीन तासांत पाण्याचा लोंढा येतो, तो पोटात घेण्याएवढी इक्वलायझेशन टाकी आहे का? पंप आणि ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) प्रत्येकी दोन, एक चालू आणि एक राखीव, आहेत का? जाळी, डिफ्यूझर (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा भाग), सेटलिंग टाकी, सँड आणि कार्बन फिल्टर, गाळासाठी फिल्टर प्रेस, सगळ्यांची क्षमता लिहा. आणि वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवू नका. हवेअभावी घाण खाणारे जीवाणू मरतात, पाणी वास मारतं, अहवाल बिघडतो. प्लांटला वेगळा वीजमीटर आणि रोजची नोंदवही असली, तर पाहणीच्या दिवशी तोंडी खुलासे करत बसावं लागत नाही.

2017 च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडीची (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जीवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची) मर्यादा लिटरमागे 20 मिलिग्रॅम आहे. तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल, तर तोच पाळायचा.

चार महिन्यांत निर्णय झाला नाही, तर जल कायद्याच्या कलम 25(7) प्रमाणे संमती मिळाली असं मानलं जातं. ही मुदत मात्र सर्व बाबतींत पूर्ण असलेल्या अर्जापासूनच मोजतात. एक कागद राहिला, तर ती सुरूच होत नाही.