सोयाबीनचा वास दाण्यात नसतोच

सोयाबीनचं दूध घरी केलं की पहिली तक्रार ठरलेली, "कसला हिरवट वास येतोय!" मग वेलची नाहीतर चॉकलेट घालून तो दाबायचा. गंमत म्हणजे तो वास मुळात दाण्यात नसतो. मिक्सर फिरला की काही सेकंदांत तो तयार होतो.

सोयाबीनमध्ये साधारण 20 टक्के तेल. ते प्रथिनांच्या पातळ वेष्टणातल्या बारीक थेंबांत साठवलेलं, आणि ते फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, पेशीत दुसरीकडे. दाणा कोरडा, अखंड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. भिजवून थंड पाण्यात वाटला की पेशी फुटतात, हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि काम सुरू.

तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. लायपेज हे विकर पाण्याच्या मदतीने त्या सोडवतं. रुजणाऱ्या बीला हे हवंच असतं. या मेदाम्लांपासून साखर करून ती पानं फुटेपर्यंत तग धरते. सोयाबीनच्या मेदाम्लांत निम्मा वाटा लिनोलेइक आम्लाचा, 18 कार्बनची साखळी. तिच्या 13व्या कार्बनवर लायपॉक्सिजनेज ऑक्सिजन बसवतं (या विकराच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो), आणि आणखी एक विकर तिथेच तिचे दोन तुकडे पाडतं, एक 12 कार्बनचा, दुसरा 6 कार्बनचा. हा सहाचा तुकडा म्हणजे हेक्झॅनल. पाण्यात अब्जात चार-पाच भाग असला तरी नाकाला कळतो. कापलेल्या गवताचा वासही याच कुळातला. अळीने पान कुरतडलं की याच वाटेच्या एका फाट्यावर जास्मोनिक आम्ल बनतं आणि झाड बचावाच्या तयारीला लागतं. आपल्याला नकोशी वाटणारी ही यंत्रणा झाडाच्या फार कामाची आहे.

लायपॉक्सिजनेजचे तीन मुख्य प्रकार. हेक्झॅनलचा मोठा दोष दुसऱ्याकडे जातो. इंदूरच्या खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने (स्थापना 1987) तोच प्रकार नसलेलं एनआरसी 132 हे वाण काढलं. एनआरसी 142 मध्ये तो नाहीच, शिवाय प्रथिनं पचू न देणारं कुनिट्झ प्रथिनही नाही. उरलेले दोन प्रकार मात्र आहेत, त्यामुळे वास कमी होतो, शून्य नाही.

बाजारात कुठलं वाण मिळेल याचा भरवसा नसेल तर उपाय उष्णतेचा. 80 अंशांच्या वर विकर टिकत नाही, म्हणून दूध करताना दाणे उकळत्या पाण्यातच वाटावेत. आपल्याकडे कित्येक घरांत गव्हात मूठभर सोयाबीन घालून दळण देतात. तिथे दाणे आधी 20-25 मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून कडकडीत वाळवावेत; कच्चे घातले तर पिठात हेच काम सावकाश चालतं आणि पीठ खवट होतं. गव्हाच्या कोंड्यातही स्वतःचं लायपेज असतंच, तेव्हा दळण थोडं थोडंच आणलेलं बरं.