एकटा बॉडीगार्ड आणि पळवलेला राष्ट्राध्यक्ष: मागचा खरा इतिहास

२०१३ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने हॉलिवूडचे दोन पिक्चर आले, दोन्हींत व्हाईट हाऊसवर हल्ला आणि राष्ट्राध्यक्षाला वाचवणारा एकटा हिरो. आधी आला तो ऑलिम्पस हॅज फॉलन. त्यात उत्तर कोरियाचे अतिरेकी राष्ट्राध्यक्षाला व्हाईट हाऊसच्या खालच्या बंकरमध्ये ओलीस धरतात, बाकी सगळे गार्ड मारले जातात आणि आत उरतो फक्त माईक बॅनिंग, सीक्रेट सर्व्हिसचा, म्हणजे आज राष्ट्राध्यक्षाचं संरक्षण करणाऱ्या सरकारी खात्याचा, एजंट. मला असे पिक्चर मनापासून आवडतात, म्हणूनच यामागे खरं काय घडलंय ते वाचत गेलो, तर कळलं की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला पळवायचा डाव निदान दोनदा तरी खरोखर रचला गेला होता, दोन्ही वेळा लिंकनला, आणि दुसऱ्या वेळी तर लिंकनला जाऊन ११ वर्षं झाली होती.

पहिला डाव जॉन विल्क्स बूथचा, हा दक्षिणेच्या बाजूचा एक नट. मार्च १८६५, यादवी युद्ध संपत आलेलं, दक्षिणेचे हजारो सैनिक उत्तरेच्या कैदेत. बूथचा प्लॅन असा की लिंकनची बग्गी रस्त्यात अडवायची, त्याला रिचमंडला, दक्षिणेच्या राजधानीत, न्यायचं आणि बदल्यात कैदी सोडवून घ्यायचे. १७ मार्चला ही मंडळी दबा धरून बसलीसुद्धा, पण ऐन वेळी लिंकनचा कार्यक्रम बदलला आणि तो तिकडे आलाच नाही. चार आठवड्यांनी, १४ एप्रिलला, त्याच बूथने फोर्ड थिएटरमध्ये त्याला गोळी घातली. त्या रात्री लिंकनच्या बॉक्सपाशी पहाऱ्याला किती माणसं होती? एक. जॉन पार्कर नावाचा वॉशिंग्टनचा पोलीस, आणि बूथ आत शिरला तेव्हा तो जागेवर नव्हता. एकट्या बॉडीगार्डची खरी गोष्ट सुरू होते ती इथून, आणि ती पिक्चरच्या अगदी उलटी आहे.

सीक्रेट सर्व्हिस सुरू झाली त्याच वर्षी, ५ जुलैला, पण राष्ट्राध्यक्षाच्या संरक्षणासाठी नाही. तिचं काम होतं बनावट नोटा पकडायचं, म्हणून ती अर्थखात्याच्या हाताखाली होती आणि २००३ पर्यंत तिथेच राहिली. दुसरा डाव उधळला तोही नोटांच्याच नादात. शिकागोकडच्या एका बनावट नोटांच्या टोळीचा बेंजामिन बॉइड नावाचा कारागीर, नोटांचे ठसे कोरण्यात वस्ताद, तुरुंगात गेला आणि टोळीचा धंदाच बसला. मग त्यांनी ठरवलं की स्प्रिंगफील्डच्या थडग्यातून लिंकनची शवपेटी काढायची, इंडियानातल्या वाळूच्या टेकड्यांत पुरायची, आणि परत द्यायचे २ लाख डॉलर अधिक बॉइडची सुटका मागायची. दिवस निवडला ७ नोव्हेंबर १८७६, निवडणुकीचा, म्हणजे लोकांचं सगळं लक्ष निकालाकडे. पण टोळीत सीक्रेट सर्व्हिसचा खबऱ्या बसलेला होता. एजंट थडग्याच्या इमारतीत अंधारात बूट काढून, आवाज होऊ नये म्हणून नुसत्या पायमोज्यांवर थांबलेले, चोरांनी शवपेटी बाहेर ओढायला सुरुवातही केली होती आणि नेमकं एकाचं पिस्तूल चुकून उडालं. चोर पळाले. पुढे अंधारात एजंटांच्या बाजूच्याच माणसांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, नशीब कोणी मेलं नाही. काही दिवसांनी चोर शिकागोत पकडले गेले आणि त्यांना फक्त १ वर्षाची शिक्षा झाली. मला वाटतं या विषयावरचा सगळ्यात थरारक पिक्चर हाच होईल.

सप्टेंबर १९०१ मध्ये लिंकनची शवपेटी पोलादी पिंजऱ्यात घालून १० फूट खोल काँक्रीटमध्ये कायमची बंद केली. आणि त्याच महिन्यात जिवंत राष्ट्राध्यक्ष गेला: मॅकिन्ली, बफेलोच्या प्रदर्शनात लोकांशी हस्तांदोलन करताना लागलेल्या गोळ्यांनी, मारेकऱ्याने हातातलं पिस्तूल रुमालाखाली लपवलं होतं. तिथे सीक्रेट सर्व्हिसची माणसं हजर होती, पण नेहमी शेजारी उभा राहणारा एजंट त्या दिवशी बाजूला सरकला होता कारण ती जागा प्रदर्शनाच्या अध्यक्षाला दिलेली. यानंतरच, १९०२ पासून, संरक्षणाची पूर्ण वेळ जबाबदारी सीक्रेट सर्व्हिसकडे आली, तीही सुरुवातीला दोन माणसांवर.

या सगळ्यातून जी पद्धत बसत गेली ती पिक्चरमध्ये दिसत नाही. बॉडीगार्डने शत्रूच्या मागे लागायचं नसतं, साहेबाला झाकायचं आणि तिथून हलवायचं. लढायचं काम बाहेरच्या कड्याचं. १ नोव्हेंबर १९५० ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन ब्लेअर हाऊसमध्ये राहत होता कारण व्हाईट हाऊसची दुरुस्ती चालू होती, तेव्हा पोर्तो रिकोचे दोघे हल्लेखोर आले. पहाऱ्यावरच्या लेस्ली कॉफेल्टला अगदी जवळून तीन गोळ्या लागल्या, तरी तो चौकीबाहेर आला आणि एकाच गोळीत त्या हल्लेखोराला ठार केलं. कॉफेल्ट त्याच दिवशी गेला. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही, माहीत असायला पाहिजे.

बंकर मात्र खरोखर होता, दुसऱ्या महायुद्धात रुझवेल्टच्या काळात ईस्ट विंगखाली बांधलेला. ११ सप्टेंबर २००१ ला एजंटांनी उपाध्यक्ष चेनीला अक्षरशः उचलून तिकडे नेलं, बुश त्या वेळी फ्लोरिडातल्या एका शाळेत होता, म्हणजे दोघं मुळात एका जागी नव्हतेच. पिक्चरमध्ये राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघंही एकाच बंकरमध्ये अडकतात म्हणून सगळा कारभार स्पीकरवर, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षावर येतो, आणि हा क्रम १९४७ च्या कायद्यातला आहे, तेवढा भाग त्यांनी बरोबर घेतलाय.

आणि सीक्रेट सर्व्हिसचा एजंट जेरी पार. लहानपणी त्याने १९३९ चा एक पिक्चर पाहिला होता, कोड ऑफ द सीक्रेट सर्व्हिस, आणि त्यातल्या एजंटसारखं व्हायचं त्याच्या डोक्यात बसलं. ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलबाहेर हिंकलीने गोळ्या झाडल्या तेव्हा दुसरा एजंट टिम मॅकार्थी हात पसरून समोर आडवा झाला आणि पोटात गोळी घेतली, आणि पारने राष्ट्राध्यक्षाला गाडीत ढकललं. गाडी व्हाईट हाऊसकडे निघालेली, पण ओठांवर फेसाळ लाल रक्त दिसलं, म्हणजे फुप्फुसातलं, हे ओळखून पारने ती हॉस्पिटलला वळवायला लावली. थोडा जरी उशीर झाला असता तर रेगन वाचला नसता. १९३९ च्या त्या पिक्चरमधला एजंट रेगननेच केला होता.