स्टोरीबोर्ड, एआय-चित्रित

चित्रपट, लघुपट किंवा जाहिरातीचे चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी तिच्यातील शॉट क्रमाने चौकटींत मांडून दाखवणारी चित्रमालिका म्हणजे स्टोरीबोर्ड. ही चित्रे हाताने न काढता शब्दांतले वर्णन (प्रॉम्प्ट) देऊन एआय प्रणालीकडून करून घेण्याची पद्धत साधारणपणे २०२२ नंतर रूढ झाली. ‘कथाफलक’ हा प्रतिशब्द लेखनात चालतो. बोलताना सगळे स्टोरीबोर्डच म्हणतात. शॉट डिव्हिजन (दृश्याची शॉटांत विभागणी) हा त्याआधीचा, शब्दांतला टप्पा होय. दोहोंची गल्लत करू नये.

उगम : बहुतेक संदर्भग्रंथ स्टोरीबोर्डचा उगम वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत, १९३० च्या दशकाच्या आरंभी मानतात. रेखाटने सुट्या कागदांवर काढून फलकावर टाचण्यांनी लावायची आणि क्रम हवा तसा बदलायचा, ही युक्ती तेथील ॲनिमेटर वेब स्मिथ यांच्या नावावर सांगतात. मात्र फ्रान्सचे आद्य चित्रपटकार जॉर्ज मेलिएस त्यापूर्वीच आपल्या दृश्यांची रेखाटने करीत. तेव्हा चित्रीकरणापूर्वी रेखाटण्याची कल्पना जुनी आणि जागा बदलता येणारी चौकट डिस्नेची, असा भेद करणे अधिक सयुक्तिक वाटते. पिंगुळीच्या (सिंधुदुर्ग) चित्रकथी पोथ्या, म्हणजे कथा सांगताना दाखवायचे चित्रसंच, किंवा बडोद्याच्या (वडोदरा) तांबेकर वाड्यातील एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे हे या प्रकाराचे पूर्वज ठरवण्याचा मोह होतो. पण ती स्वतःच पूर्ण कलाकृती आहेत, पुढच्या कामाचा कच्चा आराखडा नव्हेत.

बडोद्याचा चित्रपटाशी संबंध वेगळ्या वाटेने येतो. दादासाहेब फाळके येथील कलाभवनात शिकले. ते १८८६ च्या सुमारास बडोद्यास आले असे चरित्रांत आढळते. परंतु सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने कलाभवन स्थापन झाले ते १८९० मध्ये. त्यामुळे बडोद्यातील वास्तव्य आणि कलाभवनातील शिक्षण वेगळे धरून दुसरे १८९० पासून पुढे मानावे, हे बरे.

तंत्र : सध्याची बहुतेक साधने डिफ्यूजन पद्धतीवर चालतात. प्रशिक्षणात चित्रांवर टप्प्याटप्प्याने खरखर (नॉइज) मिसळली जाते आणि ती ओळखून काढायला प्रणालीला शिकवले जाते. निर्मितीच्या वेळी निव्वळ खरखरीपासून सुरुवात करून, शब्दांच्या अनुरोधाने ती निवळत नेतात. मिडजर्नी (जुलै २०२२ पासून खुले) आणि स्टेबल डिफ्यूजन (ऑगस्ट २०२२) यांमुळे ही सोय सामान्य वापरकर्त्यांपर्यंत आली. स्टेबल डिफ्यूजनच्या आरंभीच्या आवृत्त्यांत प्रॉम्प्टला ७७ टोकनांची मर्यादा होती. टोकन म्हणजे अख्खा शब्द नव्हे, तुकडा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याची पद्धत) तीन बाइट घेते आणि या आवृत्त्यांचे शब्दज्ञान मुख्यतः इंग्रजी. म्हणून मराठी वर्णन दोन ओळींतच मर्यादेला भिडे. नव्या साधनांत ही अडचण बरीच कमी झाली आहे.

खरी अडचण एका चित्राची नाही, दोन चित्रांमधली आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या दारात संध्याकाळी उभी असलेली नऊवारीतली बाई, लाँग शॉट, असे वर्णन दिले की देखणे चित्र मिळते. मात्र काष्टा नाहीसा होऊन साडी पाचवारी होते आणि कोरीव लाकडी खांबांच्या जागी राजस्थानी दगडी झरोका येतो. पुढच्या क्लोजअपमध्ये तीच बाई पाच वर्षांनी लहान दिसते, नथ दुसऱ्या नाकपुडीत जाते. त्याहून घातक चूक लुकची (पात्राच्या पाहण्याच्या दिशेची) : समोरासमोर बोलणारी दोन पात्रे एकाच दिशेला पाहू लागली, तर बोर्ड कितीही चकचकीत असो, कॅमेरामनच्या उपयोगाचा राहत नाही.

यावर सीड (आरंभीच्या खरखरीचा क्रमांक) कायम ठेवणे, पात्राचे संदर्भचित्र देणे, किंवा लोरा पद्धतीने त्या पात्रापुरते वेगळे प्रशिक्षण देणे हे उपाय आहेत. नुसत्या सीडवर भिस्त ठेवू नये. वर्णन बदलले की चेहराही बदलतो. २०२३ मधील कंट्रोलनेट या तंत्राने हाताने काढलेली रेघोटी किंवा शरीराची ठेवण मार्गदर्शक म्हणून देता येते. म्हणजे पेन्सिलीने काडीमाणसे काढून चौकट आखायची आणि पोत व प्रकाश यंत्राकडून भरून घ्यायचा. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने आजवरची ही सर्वांत भरवशाची रीत होय. कॅमेऱ्याची हालचाल दाखवणारे बाण आणि शॉट क्रमांक मात्र वरून हातानेच टाकलेले बरे.

हक्क : भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम २(घ)(vi) नुसार संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण करविणारी व्यक्ती. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीची, म्हणजे या साधनांच्या फार आधीची आहे. केवळ प्रॉम्प्ट लिहिणे म्हणजे ‘निर्माण करविणे’ होय का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकादंबरीतील मिडजर्नीच्या चित्रांना संरक्षण नाकारले. मजकूर आणि चित्रांची निवड व मांडणी यांना ते दिले. चौकटींचा क्रम लावणे हेच ज्यात मुख्य काम, त्या स्टोरीबोर्डच्या बाबतीत हा भेद विशेष लागू पडतो.