बांध कुणी कोरला? इंग्रजी गोष्टीतला संघर्ष आणि सातवीचा वर्ग

इंग्रजीच्या तासाला गोष्ट वाचून होते आणि प्रश्न येतो, 'या गोष्टीतला संघर्ष कोणता?' वर्ग चिडीचूप. मग कुणीतरी गाइडमधलं उत्तर ठोकून देतं, 'मॅन व्हर्सेस नेचर'. गोष्ट असते दोन भावांच्या भांडणाची. पोरांना विचारच करता येत नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. वाचनाच्या मानसशास्त्राचं मत वेगळं आहे.

व्हॅन डाइक आणि किंच या अभ्यासकांनी 1983 मध्ये मांडलं, की वाचणारा शब्द साठवत नाही, तो मनात प्रसंग उभा करतो: कोण, कुठे, कशासाठी, कशामुळे. संघर्ष सापडतो तो या प्रसंगात. पण तो उभा करायला लागणारी कार्यकारी स्मृती, म्हणजे वाचता वाचता तेवढ्यापुरतं लक्षात धरून ठेवायची जागा, तोकडी असते. जे मूल एकेक इंग्रजी शब्द जुळवत वाचतं, त्याची ती स्मृती तिथंच खर्ची पडते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते.

आता हे वाक्य घ्या: 'एव्हरी इयर द बाउंड्री मूव्हड अ लिटल.' शहरातल्या मुलाला यात काही घडलंय असंही वाटणार नाही. परंड्याच्या किंवा गेवराईच्या पोराला 'बाउंड्री' म्हणजे शेताचा बांध एवढं सांगा. नांगरताना दरवर्षी वीतभर बांध कोरणारा शेजारी, मोजणीचा अर्ज, तुटलेली बोलचाल, सगळं तो स्वतःहून सांगेल. लेखकानं यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी 1988 मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात तरबेज पण खेळ न कळणाऱ्या मुलांना भारी पडली. म्हणून पहिली गोष्ट बांधाची, विहिरीच्या पाळीची असावी. बर्फातल्या कुत्र्याची नंतर.

चर्चा आधी मराठीत होऊ द्यावी. एका भाषेत कमावलेली विचाराची कुवत दुसऱ्या भाषेतही कामी येते, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स 1979 पासून सांगत आले आहेत. (किनवटच्या तांड्यावरच्या मुलाची घरची भाषा मराठीही नसते, तिथं गोरमाटी या बंजारा बोलीत बोलू द्यायला काय हरकत आहे?) कुणाला काय हवं होतं, आडवं काय आलं, मग त्यानं काय केलं, एवढं बोलून झालं की इंग्रजीचं ओझं निम्मं होतं. मग 'बट', 'बिकॉज', 'सो' हे तीन शब्द हाताशी द्यायचे आणि पुन्हा मजकुराकडे वळायचं. 'बट' दिसला की थांबा, तिथंच बहुधा काहीतरी अडलेलं असतं.

'बिकॉज'ला मी सगळ्यात जास्त वेळ देईन. गोष्टीतल्या ज्या घटनेला कारण-परिणामाचे जास्त धागे जोडलेले असतात, ती जास्त लक्षात राहते आणि महत्त्वाचीही वाटते, असं ट्राबासो आणि व्हॅन डेन ब्रूक या संशोधकांना 1985 मध्ये आढळलं. फळ्यावर घटना लिहून त्यांच्यात बाण काढायला लावले, की सगळ्यात जास्त बाण कुठे येऊन मिळतात ते मुलांनाच दिसतं.

मनातला संघर्ष मात्र अवघड. एकाच गोष्टीबद्दल दोन उलट भावना एकाच वेळी असू शकतात, हे मुलांना साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास उमगतं, असं मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांच्या अभ्यासातून दिसलं. म्हणजे सहावी-सातवी हे नेमकं वय. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या आईबरोबर जायचंही आहे आणि शाळाही सोडवत नाही, हे बीडच्या कितीतरी लेकरांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांना फक्त 'शी वॉन्टेड टू गो, बट...' इथपर्यंतचं वाक्य हवं असतं.

राहिली 'माणूस विरुद्ध निसर्ग' ही लेबलं. ती सगळ्यात शेवटी द्यावीत, तीही वादासाठी. 2016 चा उन्हाळा घ्या. मिरजेहून रेल्वेनं पाणी येण्याआधी लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. यावर गोष्ट लिहिली तर तिला कुठलं लेबल लावणार? एक गट दुष्काळ म्हणेल, दुसरा रांगेत घुसणाऱ्याकडे बोट दाखवेल, तिसरा म्हणेल की नियोजनच नव्हतं. तिघांनाही गुण द्यावेत, 'बिकॉज'च्या पुढचं वाक्य पूर्ण केलं असेल तर.