केस बघायची कुणी, ठरवायचं कुणी: थोडी पार्श्वभूमी

समाजकार्यकर्त्याला केसमध्ये स्वतः ठरवायची मोकळीक किती असावी, यावर बोलायचं तर सुरुवात सोलापुरातूनच करतो. इथं ‘सेटलमेंट’ म्हटलं की रिक्षावाला पुढं काही विचारत नाही. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नावच आहे, पण त्यातला ‘फ्री’ कशातून फ्री, हे एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला आलेल्या पोरांनाही सांगावं लागतं.

इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा आणला, अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढं कैकाडी, पारधी, टकारी अशी माणसं इथं तारेच्या कुंपणात आली, तीच ही सेटलमेंट. रोज हजेरी, बाहेर पडायचं तर पास. नियम होते, पण कुणाच्या घरात मयत झाली म्हणून पास द्यायचा की नाही हे शेवटी मॅनेजरच्या मनावर, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) याच व्यवस्थेला सरकार सुधारणा म्हणायचं, शाळा पण तिथंच आणि पहारा पण तिथंच. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. त्यामुळं ‘कार्यकर्त्याला मोकळीक द्या’ असं कुणी म्हटलं की मला आधी तो पास आठवतो.

मधल्या काळात १९३६ ला मुंबईत टाटांची समाजकार्याची शाळा निघाली, समोरच्याचं ऐकून घ्यायचं आणि मग ठरवायचं ही शिस्त तिथून आली. मग योजना आल्या, १९७५ ला अंगणवाडी, १९८० ला संजय गांधी निराधार, आणि ऐकून घेण्याच्या जागी कागद आले. विडी वळणाऱ्या बाईचं नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं, तेलुगू घरातलं आडनाव मराठीत लिहिताना आणखीन तिसरं. आता ती बाई तीच आहे हे कोण म्हणणार? १९८० मध्येच मायकेल लिप्स्की नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं हेच मांडलं, की सरकारी धोरण लोकांपर्यंत पोचतं तेव्हा ते खिडकीतल्या माणसानं ठरवलेलं असतं. आपल्याकडं हे तहसीलच्या रांगेतल्या कुठल्याही आजीला माहीत होतं म्हणा.

मुलांच्या केसेसमध्ये मात्र मोकळीक मुद्दाम कमी केली, आणि ते बरंच झालं. २०१२ च्या पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, अत्याचार कळला की कळवायचाच, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ‘घरच्यांशी बोलून मिटवतो’ हा विषयच नाही. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये आदेश बालकल्याण समितीचा, पण समिती बघते सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा रिपोर्ट, तो पंधरा दिवसांत द्यायचा, आणि त्या घरात जाऊन चुलीपाशी बसून आलेला माणूस एकच असतो.

२०२१ पासून अंगणवाडीत पोषण ट्रॅकर हे मोबाइल ॲप आलं, वजन-उंची टाकली की रंग दिसतो, लाल म्हणजे पोरगं फार कुपोषित. पोरगं लाल का झालं, आई ऊसतोडीला गेलीय का, हे विचारायला तिथं रकाना नाही. माझ्या एका साहेबांनी मला सांगितलं होतं, रिपोर्टात मत लिहू नका, माहिती लिहा. मी तेव्हापासून मत माहितीसारखं लिहायला शिकलो.